गॅस्केट का उडालं?

कराड,
दि. ४ मे

चि. मुक्ता हिस,


तुझा लांबलचक मेसेज आणि बिलाच्या चारही पानांचे फोटो मिळाले. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू चिडलेली असतेस आणि मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. मागच्या खेपेला मी वॉटर पंपाबद्दल बोलत होतो आणि तू पेट्रोल पंपाबद्दल. म्हणून लिहून पाठवतोय, सावकाश वाच. दुरुस्तीनंतरही गाडी पुन्हा तापतेय, तेव्हा हे सगळं निस्तरेपर्यंत ती कुंभार्ली घाटात घालायची नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

बिल नीट वाचलं. ६१,४०० रुपये. ताईला आकडा तू सांगितलास की नाही ते माहीत नाही, मी सांगितलेला नाही. हेड उतरवणं-चढवणं, हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सील, ऑइल, फिल्टर, कूलंट, मजुरी आणि वर जीएसटी. इंजिन धुऊन त्याला चकाकी आणल्याचेही वेगळे पैसे लावलेत. उकळून आलेल्या इंजिनाला पावडर-लाली कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. बाकी रक्कम मोठी असली तरी ह्या कामाला अवाच्या सवा म्हणता येणार नाही. हेड उतरवायचं म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. माझी हरकत वेगळीच आहे. काय काय बदललं ते ह्या चार पानांत सगळं आहे, पण ते खराब का झालं ह्याची एक ओळ नाही. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट केल्याची नोंद नाही, पंखा तपासल्याची नाही, रेडिएटर पाहिल्याची नाही.

गॅस्केट सहसा आपणहून उडत नाही. आधी दुसरं काहीतरी बिघडतं, त्यानं इंजिन तापतं. फार तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि हेड वाकलं की हेड आणि ब्लॉक ह्यांच्या मधलं गॅस्केट दाब धरत नाही. तुझ्या वर्कशॉपनं ह्यातलं शेवटचं दुरुस्त केलं. पहिलं काय होतं ते कुणी शोधलंच नसेल, तर ते अजून गाडीत बसलेलं आहे आणि नव्या गॅस्केटचंही तेच करणार आहे. 'गाडी मुळात तापली कशानं?' ह्या प्रश्नाला कुणीतरी त्या भागाचं नाव घेऊन उत्तर देईपर्यंत दुरुस्ती झाली असं मी मानत नाही, मग बिल सहा हजारांचं असो की साठ.

तू विचारलंयस, 'मामा, मला फसवलं का?' मला तसं वाटत नाही. मोठ्या वर्कशॉपात तू ज्याच्याशी बोलतेस त्या सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हाताला ग्रीस लागत नाही. तो तुझं ऐकून घेतो आणि जॉबकार्डावर दोन शब्द लिहितो, 'इंजिन ओव्हरहीट'. कार्ड आत जातं. आतल्या टेक्निशियनला ते दोन शब्द दिसतात आणि समोर उकळलेलं इंजिन. हेड गॅस्केट गेलंय हे त्याला बरोबर कळतं, तो ते बदलतो आणि पुढची गाडी घेतो. घाटात काय झालं, हीटर लावल्यावर काय झालं, पेट्रोल पंपावरच्या पोरानं कुठलं पाणी ओतलं, ह्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, अर्धा तास नुसतं बघत उभं राहायचं, ह्या कामाला त्यांच्या मजुरीच्या तक्त्यात रकानाच नसतो. आमच्या एसटी डेपोत सामान कमी आणि शिव्या जास्त होत्या, पण एक सोय होती. मी सोडलेली गाडी दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरच्या हातात असायची आणि संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा राहायचा. 'आण्णा, पाटणच्या पुढं काटा चढला बघा.' तेवढ्यावरून पुढचा तपास सुरू व्हायचा. आता तुझ्या गाडीची ड्रायव्हर तूच आहेस, तेव्हा ते सांगणं तुलाच करावं लागणार.

आणि तू ते केलंयस, फक्त चुकीच्या जागी. मेसेजचा बराचसा भाग त्या ॲडव्हायझरच्या उद्धटपणाबद्दल आहे. अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस की चिपळूणमध्ये गाडी ठीक चालते, पोफळी सोडून घाट चढायला लागलं की लाल दिवा लागतो, आणि 'बाबांनी सांगितलं होतं म्हणून एसी बंद करून हीटर फुल लावला, पण त्यातून गारच हवा आली'. मुक्ता, ही गार हवा त्या चार पानांपेक्षा जास्त सांगते. भाऊजींनी सल्ला बरोबरच दिला होता. तो लागू का पडला नाही, तिथूनच सुरुवात करू.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला पाव ते फार तर तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामी येतो. बाकीची काही सायलेन्सरवाटे जाते आणि बरीचशी कूलंटमध्ये उतरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड टिकतं, कारण तो जाळ क्षणभराचा असतो आणि हेडच्या पोटातल्या वाटांमधून कूलंट अखंड फिरत असतं. ते इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, आणि वाटेत त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधूनही जातं. तोच तुझा हीटर. आता बघ, इंजिन उकळतंय आणि हीटर गार आहे, ह्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच. इंजिनातलं गरम कूलंट हीटरपर्यंत येत नाहीये. एक तर कूलंट कमी आहे, नाहीतर वाटेत हवा अडकलीय, नाहीतर ते ढकलणारा वॉटर पंप कामचुकारपणा करतोय.

नुकतंच हेडचं काम झालेल्या गाडीत माझा पहिला संशय हवेवर. हेड काढायचं तर सगळं कूलंट सांडावं लागतं. नवं भरताना वरच्या वळणांमध्ये, हीटरच्या होजमध्ये, हेडच्या कोपऱ्यात हवेचे फुगे राहतात. कूलंट धातूला लागून वाहत असेल तरच त्याची उष्णता नेतं. मध्ये फुगा आला की तेवढी जागा कोरडी भाजत राहते. त्यात तापमानाचा सेन्सरच फुग्यात सापडला तर तो खरं तापमान दाखवत नाही, बहुतेक वेळा कमीच दाखवतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा इंजिन आधीच किती वेळ भाजत होतं, देव जाणे.

ही हवा काढायचं काम घाईचं नाही. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवायचं. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून कूलंट भरायला घ्यायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि मग इंजिन चालू करायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोपर्यंत रेडिएटरकडची वाट बंदच असते. तो उघडला की पातळी खाली बसते, बुडबुडे येतात, मग आणखी भरायचं. काही इंजिनांना हवा सोडायला वेगळा स्क्रू असतो, तो उघडायचा. रेडिएटरचा पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत, एकदा नाही तर दोनदा, थांबायचं. मग गाडी पुरती थंड होऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघायची. चांगल्या वर्कशॉपात आधी सिस्टिममधली हवा ओढून घेऊन मग कूलंट भरायचं यंत्र असतं, त्यानं फुगा राहायची शक्यता फार कमी होते. तुझी गाडी संध्याकाळी सहाला धुऊन तयार होती म्हणतेस. कूलंट कसं भरलं आणि दुसऱ्या सकाळी पातळी कुणी पाहिली, हे विचार.

पण हवा दोन तऱ्हेची असते, आणि इथंच चांगले चांगले मेकॅनिक चकतात. एक, भरताना राहिलेली. ती एकदा नीट काढली की परत येत नाही. दुसरी, सिलिंडरमधला जळालेला वायू गॅस्केटच्या फटीतून कूलंटमध्ये घुसतो ती. ही काढली तरी पुन्हा येते, कारण कारखाना चालूच असतो. इंजिनावर जोर आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ती जास्त येते. गावात ठीक, घाटात बेजार, ह्या तुझ्या वर्णनात दोन्ही बसतात.

ह्यांतली कुठली, ते ठरवायला एक स्वस्तातली चाचणी आहे. एका पारदर्शक नळीत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर बसवतात, आणि इंजिन चालू असताना कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढतात. हवेत जळणातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी तुझ्या डोळ्यांदेखत करून घे.

रंग निळाच राहिला तर सुटलीस. हवा काढून घ्यायची आणि कूलंट गळतं कुठं ते प्रेशर टेस्टनं बघायचं. पिवळा झाला तर मात्र ते गॅस्केट नीट बसलेलं नाही, आणि तिथं वर्कशॉपला उत्तर द्यावं लागेल. बिलात 'फेसिंग' लिहिलंय. ते बहुधा बाहेरच्या लेथवाल्याकडून करून आणलं असेल. त्याची पावती माग, किती घासलं ते विचार. हेड सपाट आहे की नाही ते सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बघतात. बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या वर बाक चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लॉकचा वरचा माथा. हेड हातात घेऊन लेथवाल्याकडे नेता येतं, ब्लॉक गाडीतच राहतो, म्हणून तो तपासायचा राहून जातो. हल्लीची गॅस्केटं स्टीलच्या पातळ थरांची असतात, त्यांना अगदी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला घासायची चकती लावून कुणी ब्लॉकवर फिरवली असेल तर खळगे पडतात आणि ती खर ऑइलमध्ये जाते ती वेगळीच. शेवटचं म्हणजे हेडचे बोल्ट. बऱ्याच इंजिनांमध्ये हे बोल्ट कसताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. तुझ्या बिलात नवे बोल्ट मला दिसले नाहीत. तुझ्या इंजिनाला ते बदलायचे असतात का, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. मॅन्युअलचं ते पान दाखवा म्हण.

आता पहिलं कारण, ज्यानं मुळात गाडी तापली. इथं मी लांबून नाव घेऊ शकत नाही, पण कुठं बघायचं ते सांगतो.

पंखा ठीक असेल असं तुला वाटतंय, कारण गावात गाडी तापत नाही. तसं लगेच म्हणू नकोस. पुष्कळ गाड्यांच्या पंख्याला दोन वेग असतात. चिपळूणच्या बाजारात हळू वेग पुरतो. घाटात दुसऱ्या गिअरवर, पूर्ण जोर आणि समोरून वारा नाही, तिथं मोठा वेग लागतो, आणि नेमका त्याचाच रिले गेलेला असला तर गावात कुणाला पत्ताही लागत नाही. वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरून पंखा दोन्ही वेगांवर चालवून बघता येतो. दोन मिनिटांचं काम.

रेडिएटर दोन्हीकडून तुंबतो. बाहेरून म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या फटीत. कोकणातला लाल चिखल, पाकोळ्या, वाळका पाला तिथं जाऊन बसतो आणि पुढून फवारा मारला की आणखी घट्ट होतो. तो आतल्या बाजूनं बाहेर काढावा लागतो, तोही फवाऱ्याचा जोर कमी ठेवून, नाहीतर पत्रे मुडपतात. आतून तुंबतो तो पाण्यामुळे. गेल्या वर्षी इकडे येताना पेट्रोल पंपावर पोरानं नळाचं पाणी ओतलं होतं असं तूच लिहिलंयस. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार तुझ्या आजीच्या तांब्याच्या बंबात बोटभर साठायचा. रेडिएटरच्या नळ्या तर काडीएवढ्या. त्या बारीक का असतात तेही ऐक. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन इंजिनिअरनं हजारो बारीक नळ्यांचा जाळीदार रेडिएटर केला, तेव्हा कुठं थोड्या पाण्यात मोठं इंजिन गार ठेवता यायला लागलं. हवेला जितका जास्त पत्रा मिळेल तितकं बरं. त्यामुळे नळ्या बारीकच राहणार, आणि बारीक नळी आधी तुंबणार. वेगवेगळ्या जातींची कूलंटं एकमेकांत मिसळली तरी आत चिकट गाळ होऊ शकतो. मालकाच्या पुस्तकात जे सांगितलंय तेच, आणि पाणी घालायचं असेल तर डिस्टिल्ड.

झाकणाकडे कुणी बघत नाही. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साधारण ९५-९६ लाच. कूलंटचं आणि पाण्याचं निम्मंनिम्म मिश्रण थोडं उशिरा उकळतं. पण खरा आधार झाकणाच्या स्प्रिंगचा. ती आत हवेच्या दाबाएवढा जादा दाब धरून ठेवते म्हणून साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मेली की शंभरीच्या पुढं आत वाफ होते, वाफ कूलंटला बाहेरच्या बाटलीत ढकलते आणि सगळी नाटकं गॅस्केट गेल्यासारखीच दिसतात. झाकण काही शे रुपयांना मिळतं, आणि तुझ्या बिलात तेवढंच नाही. वॉटर पंपाचं वेगळं सांगायला नको. त्याचं पातं झिजलं किंवा दांड्यावर सैल झालं तर हीटरची हवा गारच येणार, तेव्हा हवा काढूनही हीटर तापला नाही तर पंप उघडून बघायचा.

आपल्याकडच्या दोन इलाजांपासून लांब राहा. तू वर्कशॉपवर चिडून नाक्यावरच्या गॅरेजात जाशील, आणि तिथला कुणीतरी म्हणेल, 'मॅडम, थर्मोस्टॅट काढून टाकू, झंझट नको.' नाही म्हणायचं. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला गरम व्हायला फार वेळ लागतो, ते जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं. काही इंजिनांत तर त्याच्यामुळे बंद होणारी आतली आडवाट उघडी राहून रेडिएटरला कूलंट कमी पोचतं, म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. दुसरा इलाज रेडिएटरमध्ये हळद टाकायचा. रानात अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरला तो घरी पोचवतो हे मी पाहिलंय, त्याची मी थट्टा करणार नाही. पण गळती बुजवणारी हळद चांगल्या नळ्याही बुजवते. बाटलीतून मिळणारी गळतीची औषधं त्याच वळणाची. सगळे गॅरेजवाले असेच, असं मात्र समजू नकोस. मला माहीत असलेला निळ्या नळीची चाचणी सगळ्यात मन लावून करणारा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये बसतो.

आता थोडं रागावतो. दिवा लागल्यावर तू हेळवाकपर्यंत गाडी तशीच नेलीस. का, तर 'आत्ताच एवढे पैसे घातलेत, इंजिनाला काही झालं नसेल, सेन्सरच असेल'. पैसे घातलेत म्हणून इंजिन ठीक असणार, हा हिशेब इंजिनाला माहीत नसतो. उलट काम नुकतंच झालेल्या गाडीच्या दिव्यावर जास्त विश्वास ठेवायचा. ह्यात व्यवहारही आहे. दिवा लागलेला असताना गाडी चालवली म्हणून पुढं काही मोडलं, तर वर्कशॉप बोट तुझ्याकडेच दाखवणार, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाच्या क्षणाचे आकडे नोंदलेले राहू शकतात. विम्याची तर आशाच नको. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

दिवा लागला की एसी बंद, हीटर फुल, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला. इंजिन बंद करायचं. हीटर गार वाहत असेल तर बाजूला घ्यायला एक वळणसुद्धा जास्त थांबू नकोस. वाफ दिसत असेल तर बॉनेटकडे जाऊ नकोस. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कितीही फडकी गुंडाळली तरी नाही. दाबाखालचं कूलंट झाकण सुटताच उसळतं आणि तोंड भाजतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास गप बसायचं. घाटात असशील तर चाकामागं दगड लावायचा, आणि निघताना तो उचलून कठड्याला ठेवायचा. लोक दगड रस्त्यात टाकून जातात आणि रात्री मागून दुचाकीवाला येतो. डेपोत असताना अशा दगडांपायी झालेले अपघात बघितलेत, म्हणून जरा जास्त बोलतो.

तुझ्या गाडीला काटा नाही, नुसता निळा आणि लाल दिवा, ही मला मुळीच न आवडणारी काटकसर आहे. लाल दिवा लागतो तेव्हा सांगायची वेळ निघून गेलेली असते. २०१३ नंतरच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली तपासणीचं सॉकेट असतं. त्यात बसणारं छोटं यंत्र हजार-दीड हजारात मिळतं आणि कूलंटचं तापमान तुझ्या फोनवर दाखवतं. ८५ ते १००, थोडं इकडेतिकडे, हे चालण्यातलं. ११० दिसलं की थांबायचं. सपाट रस्त्यावर किती, उभ्या गाडीत एसी लावून किती, वहीत लिही. वर्कशॉपात 'गाडी फार गरम होते हो' म्हणणाऱ्या बाईला ते हसून चहा देतात. 'तीन माणसं बसवून, एसी चालू ठेवून, शिरगावपर्यंत ९६ होतं, पोफळीनंतर दहा मिनिटांत ११२ झालं आणि हीटर गार' असं म्हणणारीला सुपरवायझर भेटायला येतो. तू बँकेत बसतेस, लेखी कागदापुढं माणसं कशी सरळ होतात हे तुला मी काय सांगावं.

तेव्हा वर्कशॉपला जाशील ती भांडायला नको, जॉबकार्ड लिहून घ्यायला जा. कार्डावर 'कूलंट तपासणे' असं त्यांच्या शब्दांत लिहू द्यायचं नाही. लक्षणं तुझ्या शब्दांत, मागच्या बिलाचा नंबर वर, आणि त्याच तक्रारीवर गाडी परत आलीय असा उल्लेख. रिपीट जॉब हा शब्द त्यांना फार झोंबतो, कंपनीला त्याचा हिशेब द्यावा लागतो. झालेल्या कामाची हमी किती दिवसांची ते बिलाच्या मागच्या बारीक अक्षरात बघ. काढलेले जुने भाग, विशेषतः ते उडालेलं गॅस्केट, माग. कुठल्या सिलिंडरपाशी ते जळलंय त्यावरून पुष्कळ कळतं. टाकून दिलं म्हणाले तर तसं लिहून द्या म्हण. आणि ट्रायलला टेक्निशियनला शेजारी बसव. चढावर, वर्कशॉपभोवती फेरी मारून नव्हे.

त्यानंही नाही भागलं तर कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल, त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला, त्यात तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुला रत्नागिरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील हवाच असं नाही, मुदत दोन वर्षांची. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकाला असा स्वतंत्र कायदाच नव्हता. पहिला आला तो १९८६ साली. पण तिथंही 'एवढे पैसे दिले आणि गाडी तापतेच' एवढ्यावर निकाल लागत नाही. कामात काय कमी होतं ते दाखवावं लागतं, म्हणजे निळ्याचा पिवळा झालेला फोटो, प्रेशर टेस्टचा कागद, दुसऱ्या जाणत्या मेकॅनिकचा लेखी अहवाल. गॅस्केट का उडालं हा प्रश्न तिथंही टळत नाही.

सोमवारी बँकेतून अर्धा दिवस काढून जाऊन ये. काय म्हणाले ते मला मेसेज कर, फोन नको. चाचणीचा फोटो पाठव. गरज पडली तर मी चिपळूणला येतो, तिथं माझ्या हाताखाली शिकलेला एकजण आहे, त्याला घेऊन वर्कशॉपात जाऊ. आणि येत्या दुसऱ्या शनिवारी इकडे येणार असशील तर एसटीनं ये. खिडकीची जागा घे, कुंभार्लीत डावीकडे बघण्यासारखं असतं ते गाडी चालवताना तुला कधी दिसलेलं नाही. ताई पन्हं करून ठेवणार आहे.

भाऊजींचं पाठदुखीचं बरं आहे. तुझ्या घरमालकांना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. : पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवट ओल दिसली होती म्हणालीस. ती पाण्यानं भरपूर धुऊन टाक. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं जाऊन मरतात. घरमालकांचा मोती तिथंच लोळत असतो. आणि ओल नेमकी कुठल्या चाकाजवळ होती, तेही मेसेजमध्ये लिही.